मापाची चड्डी

बॉक्सर लोक रिंगमध्ये घालतात त्या अर्ध्या पँटला इथे ट्रंक म्हणतात. मी घरी तिला चड्डीच म्हणायचो. माझी बायको इस्पितळात नर्स आहे. तिच्या नोकरीमुळे आम्ही इकडे आलो. नागपूरला माझ्या बहिणीशी फोनवर बोलताना ती मुद्दाम मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "तुझा भाऊ अमेरिकेत येऊन काय करतो माहीत आहे का? एका लंबूच्या चड्ड्या शिवतो." खोटं नव्हतं ते. एका मेक्सिकन पोराच्या चड्ड्या मी चार वर्षं शिवल्या, आत घेतल्या, त्यांच्यावर बिल्ले लावले. आणि त्यातल्याच एका चड्डीपायी त्याची सगळी मेहनत वाया जायची वेळ आली. त्यात हात माझा होता, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

मी आठवीतून शाळा सोडली. घरची परिस्थिती वगैरे सांगण्यासारखं काही नाही. गणित डोक्यात शिरत नव्हतं आणि गल्लीच्या तोंडाशी एका लेडीज टेलरचं दुकान होतं. तिथे बसलं की दिवस बरा जायचा. पुढे जन्मभर पाव इंच आणि पाऊण इंच यांचंच गणित करत आलो, ती गोष्ट वेगळी. इथे सॅन होजेच्या पूर्व भागात एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागची खोली मला मिळाली. मालकीणबाई कोरियन. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच, त्यामुळे आमचं कधी भांडण झालं नाही. तरी दिवसातून एकदा मनात यायचंच, की आज ही बाई म्हणेल, उद्यापासून येऊ नको. मग आठवी पास माणसानं कुठे जायचं? बायको म्हणायची, "काळजी करायचा वेगळा पगार मिळतो का तुम्हाला?"

आमच्या ओळीतच, टायरच्या गॅरेजपलीकडे, एक बॉक्सिंगची जिम होती. तो मेक्सिकन पोरगा तिथलाच. पहिल्यांदा आला तेव्हा माझ्या खोलीच्या दारातून वाकून आत शिरला. ते दार चांगलं उंच आहे, वाकायची गरज नव्हती. सवयीनं वाकला असेल. एकोणीस वर्षांचा, अंगावर मांस म्हणून नाही, आणि हात इतके लांब की कोपर टेबलावर टेकवायला त्याला खुर्ची मागे घ्यावी लागली. सोबत त्याचा म्हातारा कोच होता, माझ्या खांद्याएवढा.

सहा फूट एक इंच उंची, आणि लढायचं ते एकशे सव्वीस पौंडांच्या गटात, म्हणजे आपल्या सत्तावन्न किलोंच्या आसपास. त्या गटाला फेदरवेट म्हणतात, पिसाच्या वजनाचे लोक. त्यातली बाकीची मंडळी साडेपाच फुटांची. समोरचा माणूस याच्या काखेशी यायचा. अडचण एवढीच, की सव्वीस इंच कमरेची चड्डी लहान मुलांच्या कप्प्यात मिळायची आणि ती याच्या अर्ध्या मांडीवर संपायची. लांबी जुळवावी तर कंबर घसरायची. एका हौशी सामन्यात ती रिंगमध्येच खाली आली होती. हे मला कोचनं हसत सांगितलं. पोरगा भिंतीवरच्या दोऱ्यांच्या रिळांकडे बघत राहिला.

मी टेप काढला. कंबर, सीट, मांडी, लांबी, छाती. वहीत मराठी आकड्यांत लिहिलं. दोन दिवसांनी हिरव्या सॅटिनची चड्डी तयार झाली. ती घालून तो आरशासमोर उभा राहिला, दोन-चार ठोसे हवेत मारले, उडी मारली. चड्डी जागची हलली नाही.

"थँक यू, मायस्त्रो," तो म्हणाला.

त्यांच्याकडे हातानं काम करणाऱ्या कारागिराला असं म्हणतात, ते कोचनं समजावलं. नागपूरला मला पोरंसोरं मास्टर म्हणायची. इकडे आल्यापासून मी 'एक्सक्यूज मी' झालो होतो. त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणून आज दोन पोळ्या जास्त खाल्ल्या वाटतं." मी त्याला भाऊ म्हणायला लागलो. आमचं बाकी बोलणं मोडक्या इंग्रजीत चालायचं; इथे लिहिताना ते आपोआप नीट झालं आहे.

तो कसा वर चढला हे मी रिंगमध्ये फारसं पाहिलं नाही. मला ते बिल्ल्यांवरून कळत गेलं. लढतीसाठी थोडी मदत करणारे लोक आपल्या धंद्याचं नाव चड्डीवर लावून घेतात. पहिल्या वर्षी एकच बिल्ला होता, शेजारच्या टायरवाल्याचा. मग एका टाको विकणाऱ्या बाईचा आला. जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमधून तो कसिनोच्या हॉलमध्ये लढायला लागला तेव्हा अपघाताच्या केसेस घेणाऱ्या एका वकिलाचा आला, तोही फोटोसकट. तिसऱ्या वर्षी लढती टीव्हीवर दिसू लागल्या आणि मागच्या बाजूला एका बिअरचं नाव आलं. टायरवाल्याचा बिल्ला काढायला मात्र त्यानं कधी सांगितलं नाही. नवीन आले की मी तो थोडा सरकवायचो. दर नाताळात त्याची आई मक्याच्या सालीत वाफवलेले तमाले पाठवायची, आणि आम्ही ते मिरचीच्या ठेच्याबरोबर खायचो.

तीन वर्षांत तो एकदाही हरला नाही. लांब हातांनी समोरच्याला दूर ठेवायचा आणि लांबूनच मारायचा. टीव्हीवरचे लोक त्याच्या नावाआधी उंची सांगायचे. एकदा मी विचारलं, भाऊ, इतका उपाशी राहतोस, वरच्या गटात का जात नाहीस?

"वर गेलो तर मी नुसता उंच मुलगा, मायस्त्रो," तो म्हणाला. "तिथे उंच मुलं पुष्कळ आहेत. इथे मी भिंत आहे."

त्याला त्या एकशे सव्वीस पौंडांतच जगज्जेता व्हायचं होतं. चौथ्या वर्षी ती वेळ जवळ आली. एक लढत ठरली, जी जिंकली की पुढची लढत जगज्जेत्याशीच. वजनाच्या काट्यावर पाव पौंड जरी जास्त भरलं, तर जिंकूनही ती संधी त्याला मिळणार नव्हती.

आता माझ्या धंद्याचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद बायकांचे कपडे शिवायचे. त्यांचे दोन नियम होते. एक, बाईचं माप मोठ्यानं बोलायचं नाही. आकडा वहीला सांगायचा, गिऱ्हाइकाला नाही. अंग भरलं असेल तर गुपचूप आतलं कापड सोडायचं आणि ब्लाउज हातात द्यायचा. दुसरा नियम मापाच्या ब्लाउजचा. नेमका बसणारा एखादा जुना ब्लाउज बाई मापाला म्हणून आणून देते. त्यावरून नवीन शिवायचा. त्या मापाच्या ब्लाउजला सुईसुद्धा लावायची नाही. तो बिघडला तर सगळंच बिघडलं.

पहिला नियम इथे मला फार उपयोगी पडला. क्युपर्टिनोहून आपल्या लोकांच्या बायका वीस मिनिटं ड्राइव्ह करून माझ्याकडे ब्लाउज आणतात.

"काका, हे जरा टाइट होतंय. वॉशमध्ये श्रिंक झालंय बहुतेक."

"हो ताई, कापड आटतं," मी म्हणायचो. कापड आटलेलं नसायचं. मी शिलाई उसवून अर्धा इंच सोडायचो, ताई खूश होऊन जायच्या, आणि पुढच्या वेळी मैत्रिणीला घेऊन यायच्या. मालकीणबाई हे बघायची. माझी नोकरी त्या अर्ध्या इंचावर चालली आहे असं मला वाटायचं, आणि ते फारसं चूक नसावं.

मोठ्या लढतीला सहा आठवडे होते तेव्हा भाऊ त्याची काळी चड्डी आणि एक नवा बिल्ला घेऊन आला. बिल्ला कुठे लावायचा ते बघायला मी त्याला चड्डी घालायला लावली. कमरेचं इलॅस्टिक अंगात रुतत होतं. वर कातडीला वळ उठला होता. मांडीवरही सॅटिन ताणलं होतं. टेप लावला तर कंबर अठ्ठावीसच्या वर. छाती मोजायची गरजही नव्हती, पण सवयीनं मोजली, तीही दोन इंच पुढे गेली होती. तेवीस वर्षांचा झाला होता, पोराचा गडी होत होता. मी वहीत लिहिलं.

"टाइट वाटते का?" त्यानं आरशातून विचारलं. चेहरा उतरला होता.

आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "धुऊन आटली असेल, भाऊ. मी बघतो."

त्याचा चेहरा लगेच खुलला. मी जुनं इलॅस्टिक काढलं, दोन इंच लांब नवं घातलं, मांडीला आतलं कापड सोडलं, बिल्ला लावला, इस्त्री केली. दुसऱ्या दिवशी तो घेऊन गेला. मला बरं वाटलं. आपण एका भल्या पोराची लाज राखली, असंच वाटलं.

तीन आठवडे गेले. एका दुपारी म्हातारा कोच त्याचं जाकीट घ्यायला आला. चेन बसवायची थोडी राहिली होती, म्हणून बसला आणि बोलायला लागला. मी विचारलं, पोराचं वजन कसं काय?

"उत्तम," तो म्हणाला. "काट्यावर मी त्याला शेवटचे दहा दिवसच चढवतो. आधीपासून काटा बघितला की डोकं खराब होतं. माझा काटा म्हणजे ती काळी चड्डी. सहा आठवडे आधी घालायला लावतो. घट्ट झाली तर त्या दिवसापासून जेवण तोडायचं. या वेळी तर मस्त बसली. म्हटलं, खाऊ दे थोडे दिवस पोराला."

माझ्या हातातली सुई जाकिटातच राहिली. ती काळी चड्डी मापाची होती. तीन वर्षं तिच्यावर बिल्ले लावत होतो आणि मला ते माहीत नव्हतं. मी मापाच्या कपड्याला कात्री लावली होती.

मी चेन कशीबशी पुरी केली. जाकीट दिलं, तो गेला. संध्याकाळी बायको ड्यूटीवरून आली तेव्हा मी भाजी चिरत होतो, आणि गवार इतकी बारीक चिरली होती की तिनं हात धुवायच्या आधी विचारलं, "काय झालं?"

मी सांगितलं. मला वाटलं होतं ती हसेल. ती खुर्ची ओढून बसली.

"हे लोक शेवटी वजन कसं उतरवतात माहीत आहे ना? पाणी तोडतात. घाम काढतात. दहा दिवसांत इतकं उतरवायचं म्हणजे किडनीवर येतं. असे आणून टाकलेले मी पाहिले आहेत. उद्या सकाळी जाऊन सांगा."

"त्यानं मालकिणीकडे तक्रार केली तर?"

"तर केली."

"नोकरी गेली तर?"

"तर माझा पगार आहे," ती म्हणाली. "पण त्या पोराला दुसरं शरीर नाही. आणि वही घेऊन जा. नुसतं सॉरी सॉरी करून येऊ नका."

रात्र कशी गेली ते सांगत नाही. सकाळी दुकान उघडायच्या आधी वही काखेत घेऊन मी जिममध्ये गेलो. आत मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. भाऊ दोरीवर उड्या मारत होता. मला बघून हसला आणि थांबला. कोच स्टुलावर बसून कॉफी पीत होता.

घोकून आणलेली इंग्रजी वाक्यं मी विसरलो. मी म्हटलं, "चड्डी आटली नव्हती. मी मोठी केली. मला वाटलं, त्याला वाईट वाटेल."

कोचला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. त्यानं कप खाली ठेवला आणि स्पॅनिशमध्ये बराच वेळ बोलला. त्यातलं मला काही समजलं नाही, आणि ते बरंच झालं असावं.

"किती?" शेवटी त्यानं विचारलं.

मी वही पुढे केली. त्यानं पानं उलटली, डोळे बारीक केले. "हे काय आहे? चिनी?"

"मराठी."

"मग वाच तू. मोठ्यानं वाच."

लेडीज टेलरच्या दुकानात जे तोंड मी तीस वर्षं मिटून ठेवलं होतं, ते त्या जिममध्ये, पिशव्यांवर ठोसे मारणाऱ्या आठ-दहा पोरांसमोर उघडावं लागलं. पहिलं वर्ष. छाती चौतीस, कंबर सव्वीस, मांडी साडेअठरा. दुसरं वर्ष. तिसरं. पोरं थांबून ऐकायला लागली. चौथं वर्ष, तीन आठवड्यांपूर्वी: छाती साडेछत्तीस, कंबर सव्वाअठ्ठावीस, मांडी वीस. भाऊ माझ्याकडे नाही, आपल्या मांडीकडे बघत होता.

कोचनं काट्याकडे बोट केलं. तो चढला. एकशे पंचेचाळीस. लढतीच्या आदल्या दिवशी वजन व्हायचं होतं, त्याला अठरा दिवस उरले होते आणि उतरवायचे होते एकोणीस पौंड. मी बोललो नसतो तर हेच त्यांना आठ दिवसांनी कळलं असतं.

"तू टेलर आहेस की त्याची आई?" कोच मला म्हणाला. एका कोपऱ्यातून कोणीतरी हसलं. भाऊ हसला नाही. काट्यावरून उतरून तो माझ्याजवळ आला, वाकला, आणि विचारलं, "मायस्त्रो, चड्डी परत होती तशी करता येईल?"

"येईल. जुन्या शिलाईची भोकं अजून दिसतात."

त्याच दिवशी मी ती परत शिवली. सुईची जुनी भोकं शोधून नेमकी त्याच रेषेवर. भिंगातून बघत केली. मालकीणबाईनं विचारलं, इतका वेळ एका चड्डीला? मी तिला सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकलं, मान हलवली, आणि पुढच्या काउंटरवर जाऊन गिऱ्हाइकाशी बोलायला लागली. एवढंच. ज्या गोष्टीची मी इतकी वर्षं धास्ती घेतली होती ती अशी झाली, म्हणजे झालीच नाही.

पुढे दर तीन दिवसांनी तो ट्रायलला यायचा. पहिल्या खेपेला इलॅस्टिक मांडीवरूनच वर चढेना. दुसऱ्या खेपेला चढलं पण वळ उठला. मी दर वेळी टेप लावून आकडा मोठ्यानं म्हणायचो आणि तो माझ्यामागून म्हणायचा. गालफडं बसत चालली होती. बोलणं कमी झालं. एकदा मी पाण्याचा ग्लास पुढे केला, आपल्या सवयीनं, आणि मग माझाच हात मागे घेतला. बायको रोज विचारायची, "लघवीला होते का त्याला, विचारलं का?" मी म्हणायचो, असं कसं विचारणार? ती म्हणाली, "माप मोठ्यानं बोलता येतं, हे येत नाही?" मी विचारलं. त्यानं उत्तरही दिलं. ते मी बायकोपर्यंत पोचवलं, तिनं सांगितलेलं कोचपर्यंत. म्हातारा ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "आधी टेलर, आता टेलरची बायको." पण पाणी तोडायचं त्यानं एका दिवसानं पुढे ढकललं.

निघायच्या दिवशी सकाळी तो शेवटचा आला. बाहेर कोचची गाडी चालूच होती. पडद्याआड जाऊन त्यानं चड्डी घातली आणि बाहेर येऊन हात वर करून उभा राहिला, कारण मी टेप लावणार हे त्याला माहीत होतं. मी आधी बोट घातलं इलॅस्टिकमध्ये. बोट सहज गेलं. कातडी कोरडी होती, कागदासारखी.

"सव्वीस आणि पाव," मी म्हटलं.

"सव्वीस आणि पाव," तो म्हणाला, आणि तसाच गाडीत जाऊन बसला. जीन्स माझ्याकडेच राहिली.

दुसऱ्या दिवशी वजन आम्ही बायकोच्या फोनवर पाहिलं. काट्यावर तो उभा राहिला आणि पाव पौंड जास्त भरलं. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. मग बायकोनं हाक मारली. अंगावरचं होतं नव्हतं ते काढून, चारी बाजूंनी टॉवेल धरून त्याला परत चढवलं होतं, आणि काटा बरोबर एकशे सव्वीसवर थांबला होता. लोक टाळ्या वाजवत होते. त्याला हसायचं होतं, पण ओठ दातांना चिकटले होते.

लढत तो जिंकला, गुणांवर. शेवटच्या दोन फेऱ्यांत तो भिंत वगैरे राहिला नव्हता. समोरच्या बुटक्या माणसाला मिठी मारून उभा होता. बायको पूर्ण वेळ त्याच्या ओठांबद्दल बोलत होती. मी चड्डीकडे बघत होतो. ती जागची हलली नाही.

आठवड्यानं तो काळी चड्डी घेऊन दुकानात आला, जीन्स न्यायला. एक डोळा अजून सुजलेला. जगज्जेत्याशी लढायची संधी त्याची होती, कागद आले होते. बराच वेळ तो इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "कोच म्हणतो, ती लढत घ्यायची नाही. मी त्याला म्हटलं, मायस्त्रोला विचारतो."

"मला काय कळतं भाऊ त्यातलं?"

"वही काढ ना."

मी वही काढली, टेप लावला, आणि एकेक आकडा म्हटला. आठवडाभर जेवल्यावर छाती सदतीस. आता मी पुढची मागची पानं त्याला वाचून दाखवली नाहीत. ती त्याला पाठ झाली होती. सदतीस ऐकून त्यानं मान वाकवून टेपवरचा आकडा स्वतः बघितला. मी म्हटलं, "मी ब्लाउज शिवणारा माणूस. आतलं कापड संपलं की मी ताईंना सांगतो, आता नवीन शिवू या." हे खरं नव्हतं, असं मी कुठल्याच ताईंना कधी सांगितलं नव्हतं. पण त्याला सांगितलं.

तो वरच्या गटात गेला. जगज्जेत्याशी दुसरंच कोणी लढलं. आता टीव्हीवर त्याची उंची नावाच्या आधी सांगत नाहीत. तिथे गेल्यावर तीनदा जिंकला आणि एकदा हरला, आणि हरल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या आईनं तमाले पाठवले, नाताळ नसताना. मी काही केलं नव्हतं. ठेचा संपला होता, लोणच्याबरोबर खाल्ले.

काळी चड्डी तो परत घेऊन गेला नाही. माझ्या खोलीत ती मापाच्या ब्लाउजांच्या दांडीवर टांगलेली असते. क्युपर्टिनोच्या एका ताईंनी परवा विचारलं, "काका, ही कोणाची?" मी म्हटलं, एका गिऱ्हाइकाची, मापाला ठेवली आहे. मग त्यांच्या ब्लाउजला टेप लावला आणि सवयीनं मोठ्यानं म्हणालो, "अडतीस." त्यांनी पडद्याकडे बघितलं, बाहेर त्यांची मैत्रीण बसली होती.

"काका, हळू," त्या म्हणाल्या.